सलून-पार्लरमध्ये काम करताना कपडे कसे असावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन कामाला लागलेल्या मुलामुलींकडून आणि खूप वर्षं काम करणाऱ्यांकडूनही कपड्यांबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून सगळे एका जागी गोळा केलेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा म्हणजे निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील. सरळ उभं राहिल्यावर कपडा कसा दिसतो याला आपल्या कामात फारसा अर्थ नाही, आपण दिवसभर हात वर करतो, वाकतो, भिजतो, केमिकल हाताळतो, तेव्हा तो अंगावर कसा राहतो ते बघायचं.

१. उद्या पहिला दिवस आहे, ड्रेस कोड कोणी सांगितला नाही, काय घालू?

गडद रंगाचा प्लेन टॉप किंवा शर्ट, बाही कोपरापर्यंत, थोडी ताणली जाणारी पँट, पुढून बंद असलेले न घसरणारे शूज, केस बांधलेले, हातात काही नाही. एवढं केलं की कुठल्याही सलूनमध्ये चालून जातं. बॅगेत एक जास्तीचा टॉप टाका, कारण पहिल्या दिवशी नवीन माणसाला हमखास शाम्पू बेसिनवर उभं करतात आणि पोटापाशी ओलं झाल्याशिवाय कोणी तिथून परत येत नाही. युनिफॉर्म आहे का, असेल तर पैसे कोण देणार, हे जॉइन होण्याआधीच विचारून घ्या, नंतर विचारायला अवघड वाटतं.

२. कपडा कामाला चालेल की नाही हे घरीच कसं कळेल?

आरशासमोर उभं राहा आणि ब्लोड्राय करताना करतो तसे दोन्ही हात डोक्याच्या वर न्या, टॉप वर सरकून पोट किंवा पाठ दिसते का बघा. मग बेसिनवर वाकतो तसं पुढे वाका, गळा किती उघडा पडतो ते बघा. मग खाली बसा, पेडिक्युअरला किंवा मुलांचे केस कापताना बसतो तसं, आणि मागून पँटचं काय होतं ते आरशात बघा. सलूनमध्ये चारी बाजूंना आरसे असतात, तुमची पाठ तुम्हाला दिसत नसली तरी वेटिंगला बसलेल्या सगळ्यांना दिसते.

आणखी एक जागा आहे जी कोणाच्या लक्षातच येत नाही. शाम्पूसाठी मागे मान टाकून बसलेला क्लायंट तुमच्याकडे खालून बघत असतो. त्याला तुमची बगल, हनुवटीची खालची बाजू, बाहीच्या आतला घामाचा डाग असं सगळं अगदी जवळून दिसतं, आणि धुणं होईपर्यंत दुसरीकडे बघायला त्याला जागाच नसते. म्हणून मी स्लीव्हलेसपेक्षा बाही असलेलाच टॉप सांगते, अगदी छोटी बाही असली तरी चालेल.

३. सगळीकडे काळाच रंग का? मला काळा आवडत नाही.

कलरचे डाग काळ्यावर दिसत नाहीत, हे मुख्य कारण. पण काळा सगळं लपवतो असं नाही. ब्लीच पावडर उडाली की पांढरी दिसते, पिकलेले केस कापले की काळ्या कपड्यावर एकेक दिसतो, आणि काळ्या कॉटनवर ब्लीचचा किंवा डेव्हलपरचा (कलरमध्ये मिसळायचं पेरॉक्साइडचं द्रावण) थेंब पडला तर तिथे कायमचा तांबूस-नारिंगी ठिपका येतो, तो कुठल्याही साबणाने जात नाही कारण तो डाग नसतोच, कपड्याचा मूळ रंगच उडालेला असतो. गडद करडा किंवा गडद निळाही चालतो.

ज्या फक्त स्किनचं काम करतात, फेशियल, वॅक्स, मसाज वगैरे, त्यांच्याकडे पांढरा किंवा फिका ट्युनिक (लांब टॉप) बऱ्याच ठिकाणी असतो, स्वच्छता लगेच दिसते म्हणून. हेअर कलर करणाऱ्यांनी मात्र फिक्या रंगाच्या नादी लागू नये.

४. कॉटन चांगलं की पॉलिस्टर?

दोन्हीचं मिक्स सगळ्यात चांगलं. नुसतं कॉटन घाम शोषतं, गरम पाण्यात धुता येतं, पण पटकन भिजतं, चुरगळतं आणि ब्लीचने रंग सोडतं. पॉलिस्टर ब्लीचच्या थेंबाला जास्त टिकतं, लवकर वाळतं, पण उकडतं, घामाचा वास धरून ठेवतं आणि कोरड्या हवेत स्टॅटिकमुळे केस त्याला चिकटून बसतात.

विणही बघा. गुळगुळीत आणि घट्ट विणीच्या कपड्यावरून केस घसरून खाली पडतो. स्वेटर, फ्लीस, लोकर, मऊ होजिअरी यात तो आत रुततो आणि धुतल्यावरही निघत नाही. थंडी असेल तर आतून पातळ थर्मल घाला आणि वरून गुळगुळीत कपडा, स्वेटर वरून नको.

पातळ नायलॉन घालून स्ट्रेटनर वापरत असाल तर सांभाळा. प्लेट १८० ते २३० अंशांपर्यंत तापतात आणि नायलॉनचा एक नेहमीचा प्रकार २२० अंशांच्या आसपास वितळतो, मऊ तर त्याच्या आधीच पडतो. कोपर चुकून टेकला तर कपडा कातडीला चिकटू शकतो.

५. बाह्या, गळा, ओढणी, स्कार्फ यांचं काय?

जे लोंबतं ते कामाच्या वेळी नको, बस्स. सैल बाही कलरच्या वाटीत बुडते आणि तीच बाही मग क्लायंटच्या गालावर लागते. लांब बाही घालायचीच असेल तर मनगटाला घट्ट हवी किंवा वर दुमडून नीट बसणारी हवी. ओढणी, स्टोल, हुडीच्या दोऱ्या, गळ्यातलं आयकार्ड हे सगळं वाकल्यावर क्लायंटच्या तोंडावर येतं, ट्रिमरमध्ये अडकतं, वॅक्सला चिकटतं. गळा एवढाच ठेवा की वाकल्यावर एक हात छातीशी धरून ठेवावा लागणार नाही, आपल्याला दोन्ही हात कामाला लागतात.

६. युनिफॉर्म आहे तर वर एप्रन कशाला?

कलर, ब्लीच आणि धुणं यासाठी एप्रन पाहिजेच, वॉटरप्रूफ. कॉटनचा एप्रन भिजला की केमिकल आतल्या कपड्यात आणि तिथून अंगावर जातं, म्हणजे घालून न घातल्यासारखाच. छातीपासून गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत येईल एवढा घ्या, कारण बेसिनची कड आणि कलरची ट्रॉली दोन्ही पोट-मांडीच्या उंचीला लागतात.

एप्रनला खोल उघडे खिसे असतील तर त्यात केस साठतात. आणि कात्री कधीच खिशात ठेवू नका, ना एप्रनच्या, ना पँटच्या. वाकलं की टोक पोटात किंवा मांडीत जातं. कमरेच्या पाऊचमध्ये किंवा ट्रॉलीवर ठेवा, पाऊचही आठवड्यातून एकदा तरी रिकामा करून पुसा, आत काय काय साठलेलं असतं ते बघून धक्का बसेल.

७. सँडल चालतील का? गरमीत शूज घालून पाय उकडतात.

नाही चालणार, आणि यात मी अजिबात सूट देत नाही. कात्री हातातून निसटली की टोकावर पडते, गरम वॅक्स सांडतं, ओल्या फरशीवर केस पडले की फरशी घसरडी होते. हे झालं सगळ्यांना माहिती असलेलं.

कापलेला केस म्हणजे साधा केस नसतो, त्याचं टोक धारदार असतं, विशेषतः बारीक कापलेल्या जाड केसांचं. तो कुसळासारखा कातडीत घुसतो. पायाला घुसला तर चालताना टोचत राहतो आणि दिसत नाही म्हणून काढताही येत नाही. बोटांच्या बेचक्यात केस आत जाऊन तिथे छिद्र पडणं, पू होणं हा केस कापणाऱ्यांचा ओळखीचा आजारच आहे, पायलोनिडल सायनस म्हणतात त्याला. जास्त करून तो हाताच्या बोटांमध्ये होतो, पायालाही होऊ शकतो. म्हणून पुढून बंद शूज, वरून जाळी नसलेले, कारण जाळीतून केस आत जातात, आणि पुसता येतील असे. मोजे गुळगुळीत घ्या, फरचे किंवा जाड लोकरीचे नकोत. बेचक्यात काही टोचतंय, लाल झालंय असं वाटलं तर घरी सुईने खणत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

८. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, शूज कोणते घेऊ?

एकदम सपाट नको आणि उंच हीलही नको, टाच २-३ सेंटीमीटर उचललेली, आतून आधार देणारी, आणि पुढे बोटं हलवायला जागा असलेली. शूज संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, सकाळी बसलेला शूज संध्याकाळी चावतो. जमलं तर दोन जोड ठेवून आलटून पालटून घाला, एक दिवस वाळायला मिळाला की आतली ओल आणि वास दोन्ही जातात.

पायाच्या शिरा फुगतात, पोटऱ्या जड होतात अशी तक्रार असेल तर कॉम्प्रेशन स्टॉकिंग, म्हणजे पाय आवळून धरणारे लांब मोजे, उपयोगी पडतात, पण किती घट्ट घ्यायचे ते डॉक्टरला विचारून घ्या, अंदाजाने नको. मालकाने जबरदस्तीने हील घालायला सांगितलं असेल तर प्रश्न १८ बघा.

९. अंगठी, घड्याळ, ब्रेसलेट काढावंच लागेल का?

कामाच्या वेळी हो. अंगठीखाली पाणी, शाम्पू, कलर अडकून राहतं आणि आपल्याकडे हाताला होणारा डर्मटायटिस, म्हणजे त्वचेचा दाह, बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो, अंगठीच्या खालची पट्टी आधी कोरडी, मग लाल, मग भेगा. स्वस्त दागिन्यात निकेल असतं, त्याची अॅलर्जी आपल्या कामात त्रासदायकच, कारण क्लिपा आणि काही अवजारांमध्येही निकेल सापडतं. शिवाय खड्याची अंगठी फेशियल करताना गालावर ओरखडा काढते, हातमोजा फाडते आणि केस धुताना बटांमध्ये गुंतते.

अंगठी भावनेची असेल आणि काढवत नसेल तर साध्या चेनमध्ये ओवून कपड्याच्या आत घाला. चेन छोटी हवी, वाकल्यावर बाहेर न येणारी. वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ पुरतं, फेशियलच्या खोलीत कपड्याला अडकवायचं छोटं घड्याळ चालतं. कानात छोटे टॉप्स ठीक, मोठ्या रिंगा नकोत.

१०. मी स्वतः नेल आर्टिस्ट आहे, माझीच नखं छोटी असतील तर क्लायंटला विश्वास कसा वाटेल?

हा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि याला सरसकट उत्तर नाही. फक्त नेलचं काम करत असाल तर तुमची नखं तुमची जाहिरात आहेत, मध्यम लांबी, नीट सील केलेली, कडेने उचललेली नाहीत, अशी ठेवा. पण फेशियल, वॅक्स, मसाज, शाम्पू यातलं काहीही करत असाल तर लांब किंवा आर्टिफिशियल नखं नकोत. नखाखाली जंतू राहतात आणि हात धुतले तरी पूर्ण जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या हात-स्वच्छतेच्या मार्गदर्शनात आरोग्यसेवेतल्या लोकांना आर्टिफिशियल नखं टाळायला आणि स्वतःची नखं ०.५ सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवायला सांगितलंय. ते हॉस्पिटलसाठी आहे, पण उघड्या त्वचेवर हात आपणही फिरवतोच की.

आपलं काम दाखवायला नमुन्याचे टिप्स आणि फोनमधले फोटो आहेत. नेलपॉलिश लावलीत तर टवके उडालेली ठेवू नका, त्यापेक्षा न लावलेली बरी.

११. हातमोजे कपड्यात मोडतात का, आणि कोणते घ्यायचे?

माझ्या मते ते युनिफॉर्मचाच भाग आहेत, एप्रनइतकेच. नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे घ्या. लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची अॅलर्जी तुम्हाला किंवा क्लायंटला असू शकते आणि कलरमधली पीपीडी (गडद रंग देणारं केमिकल) लॅटेक्समधून आत झिरपते. मनगटाच्या वरपर्यंत येणारे असतील तर कड बाहेरच्या बाजूला दुमडा, म्हणजे धुताना हात वर केला की ओघळ बाहीत जाणार नाही. एकदा वापरून टाकायचे म्हणजे टाकायचे, उलटे करून धुऊन परत घालू नका, आत गेलेलं केमिकल मग दिवसभर हाताशी राहतं.

नेल जेल आणि अॅक्रिलिकवाल्यांनी लक्षात घ्या, न सुकलेलं जेल पातळ नायट्राइलमधूनही काही मिनिटांत आत जातं. जेल लागलं की लगेच मोजा बदलायचा. पीपीडी किंवा जेल-अॅक्रिलिकमधल्या अॅक्रिलेटची अॅलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते, कितीतरी जणांना चांगला जमलेला धंदा सोडावा लागतो तो यामुळेच, म्हणून इथे पैसे वाचवू नका. आणि हो, दर वेळी मोजे काढल्यावर हात कोरडे करून बिनवासाचं क्रीम लावा.

१२. स्वतःचे केस मोकळे ठेवले तर काय बिघडतं? स्टाइल दाखवायची असते.

रिसेप्शनला उभे असाल तर काही नाही बिघडत. कामाला लागलात की निदान पुढचे केस मागे घेतलेले हवेत. वाकल्यावर तुमचे केस क्लायंटच्या चेहऱ्यावर येतात, फेशियल क्रीममध्ये जातात, आणि ड्रायरच्या मागच्या बाजूने हवा आत ओढली जाते तिथे मोकळी बट खेचली जाते. मग ड्रायर बंद करून केस कापून सोडवायची वेळ येते, तेही क्लायंटसमोर. स्टाइल बांधलेल्या केसांतही दाखवता येते, चांगली वेणी किंवा नीट घातलेला बन कोणाच्याही नजरेत भरतो. केस रंगवलेले असतील तर मुळाशी वाढलेले बिनरंगाचे केस मात्र तसेच ठेवू नका, लोक आधी तेच बघतात. दाढी असेल तर कडा नीट कापलेल्या.

१३. परफ्यूम लावू का?

हलकं डिओडरंट लावा, परफ्यूम नको. आपण क्लायंटच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतो, आणि कलरच्या अमोनियावर परफ्यूम मिसळला की दमा किंवा मायग्रेन असलेल्यांना खरंच त्रास होतो. घाम जास्त येत असेल तर दुपारी टॉप बदला, त्याला दुसरा इलाज नाही. सिगरेट ओढणाऱ्यांनी वरचा एप्रन काढून ठेवून बाहेर जावं, वास कपड्यात राहतो.

१४. घरी जाऊनही अंगाला केस टोचतात, काय करू?

कामाचे कपडे कामावरच बदला. निघण्याआधी मान, कान आणि कॉलरच्या आत मऊ ब्रश फिरवा, ड्रायरच्या थंड हवेने कपडे झटका. गळ्याला जवळून बसणारा पण आवळत नसलेला कॉलर केस आत जाऊ देत नाही, मोठ्या गळ्यातून ते थेट अंतर्वस्त्रात जातात. म्हणून आतले कपडेही गुळगुळीत घ्या, लेसचे नकोत. शूज दाराबाहेर झटका, लहान मुलं रांगत असतील तर घरात आणूच नका.

१५. कपड्यावर कलर, वॅक्स, नेलपॉलिश सांडलं तर?

कलर सांडला की हातातलं काम दोन मिनिटं थांबवून लगेच गार पाण्याखाली धरा. हवेत आणि डेव्हलपरमुळे तो रंग धाग्यात पक्का होत जातो, अर्ध्या तासाने धुतलं तर फारसा उपयोग नाही. गरम पाणी वापरू नका. वॅक्स थंड होऊ द्या, खरवडून काढा, मग वर-खाली साधा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद वॅक्स शोषतो. राहिलेल्या चिकटपणाला थोडं तेल, मग साबण. हे कपडा अंगावरून काढूनच करायचं हे सांगायला नको.

नेलपॉलिशला अॅसिटोन लावण्याआधी लेबल वाचा. अॅसिटेट किंवा ट्रायअॅसिटेट लिहिलं असेल तर अॅसिटोनने तो कपडाच विरघळतो, भोक पडतं. ब्लीचच्या ठिपक्याबद्दल प्रश्न ३ मध्ये लिहिलंय, त्याला फक्त परत डाय करणं हा मार्ग आहे.

१६. युनिफॉर्म घरच्या कपड्यांबरोबर धुतला तर चालेल?

वेगळा धुवा. आधी बाहेर झटका, उलटा करा, लेबल परवानगी देत असेल तर ६० अंशांवर. रोज धुतलेला घालायचा, म्हणजे निदान तीन जोड लागतात.

मसाज आणि तेलाचं काम करणाऱ्यांनी हे मात्र नीट वाचा. तेल लागलेले टॉवेल किंवा ट्युनिक नीट धुतले गेले नाहीत आणि कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये वाळवून गरमच ढीग करून ठेवले तर उरलेलं तेल हवेशी मिळून आतल्या आत तापत जातं आणि कपडे आपोआप पेट घेऊ शकतात. अशा आगी खरंच लागतात. जास्त साबणाने धुवा, वाळल्यावर पसरून पूर्ण गार होऊ द्या, मगच घडी. तेलाचा वास येत असेल तर परत धुवा.

१७. मी धर्मामुळे डोकं झाकते. काम करताना अडचण येते.

येण्याचं काही कारण नाही. लोंबणारी टोकं नसलेला, आत खोचलेला किंवा ओढून घालायचा स्कार्फ घ्या, पिना कमीत कमी, कारण पिन पडली तर क्लायंटच्या केसात जाते. कापड गुळगुळीत, प्रश्न ४ सारखंच, आणि बॅगेत एक जास्तीचा. हात झाकायचे असतील तर मनगटाला इलॅस्टिक असलेल्या, काढून धुता येणाऱ्या वेगळ्या बाह्या मिळतात किंवा शिवून घेता येतात, ओल्या झाल्या की तेवढ्याच बदलायच्या. पगडी असलेल्यांना वेगळं काही करावं लागत नाही. हे सगळं जॉइन होतानाच मालकाशी बोलून ठेवा.

१८. मालक म्हणतात "ग्लॅमरस दिसा", हील आणि टाइट ड्रेस घाला. नाही म्हणू शकते का?

म्हणू शकता आणि म्हणावं. कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे, पण कामाच्या भाषेत बोललं की बहुतेक मालक ऐकतात: ओल्या फरशीवर मी हीलने घसरले तर क्लायंटवर कात्रीसकट पडेन, टाइट ड्रेसमध्ये बेसिनवर वाकता येत नाही. नुसतं नाही म्हणून थांबू नका, पर्याय घेऊन जा, म्हणजे चांगल्या फिटिंगची काळी पँट, नीट शिवलेला टॉप, व्यवस्थित मेकअप, स्वच्छ शूज. ग्लॅमर त्यातही येतं. एखाद्या संध्याकाळी कार्यक्रम असेल तर हील तेवढ्यापुरती, काम नसताना. आणि तरीही अंगाला चिकटणाऱ्याच कपड्यांचा हट्ट चालू राहिला तर तो कपड्यांचा प्रश्न राहिलेला नाही असं मी समजते, दुसरी जागा शोधायला लागा.

१९. प्रेग्नंट आहे, युनिफॉर्म बसत नाही.

एक-दोन साइज मोठा टॉप घेऊ नका, खांदे आणि बाह्या सैल होऊन कलरमध्ये बुडतात. खांद्याला नेहमीच्या मापाचा आणि पोटाला घेर असलेला शिवून घ्या. एप्रन मागे बांधायच्या दोरीचा घ्या, बंद बांधायला मागे हात जाईनासा झाला की दुसऱ्या कोणाला सांगा, पोटावर गाठ नको. पाय थोडे मोठे होतात, तेव्हा शूज नवीन लागतील. कलर-ब्लीचच्या कामाबद्दल डॉक्टरशी आणि मालकाशी लवकर बोला, हातमोजे आणि खेळती हवा यात हयगय नको.

२०. ट्रायलला बोलावलंय, मॉडेलचे केस कापून दाखवायचेत. इंटरव्ह्यूचे कपडे घालू की कामाचे?

कामाचेच, पण नवे दिसणारे. ब्लेझर घालून गेलात तर बसून बोलेपर्यंत छान दिसाल, हात वर केले की खांद्यात अडकेल. ब्लेझर हवाच असेल तर आत येताना घाला आणि काम सुरू करण्याआधी काढून ठेवा. स्वतःचा धुतलेला एप्रन आणि हातमोजे घेऊन जा, मागायला लागू नयेत. त्या सलूनमधले लोक काय घालतात ते आधी एकदा बाहेरून बघून या, त्यांच्यापेक्षा जरासं नीटनेटकं, एवढंच. टॅटू किंवा नाकातली रिंग असेल तर लपवून जाऊ नका, उगाच नंतर वाद होतात, तिथेच विचारून टाका.